गिटार पिकअप व चुंबक : टोचणारा ट्रेबल मऊ करण्यासाठी निवड

विद्युत गिटारच्या तारांखाली बसवलेला पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती हजारो वेढ्यांनी गुंडाळलेली, केसाएवढी बारीक तांब्याची तार. गिटारची पोलादी तार या चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली, की वेटोळ्यात त्या थरथरीबरहुकूम क्षीण विद्युत दाब निर्माण होतो. मायकेल फॅराडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. आवाज कानाला टोचू लागला, की बहुतेक वादक नवा पिकअप घ्यायचे ठरवतात आणि घेताना चुंबक ‘अल्निको की सिरॅमिक’ एवढेच विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. ट्रेबल, म्हणजे आवाजाचा वरचा, तीक्ष्ण भाग, कसा लागेल हे वेटोळे, पॉट (नॉबखालचा बदलता रोध), कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) आणि केबल यांचे मिळून जे मंडल होते त्यात ठरते. चुंबक हा त्यातला एक घटक आहे, आणि बहुतेक गिटारींत तो सर्वांत मोठा घटक नाही.

माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झ या पट्ट्यात सर्वांत हळवा असतो. गिटार ॲम्पमधल्या १२ इंची स्पीकरचा आवाज ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, त्यामुळे त्यापलीकडची झळाळी फारशी बाहेर येतच नाही. कानात सुईसारखे शिरते ते ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपासचे, आणि पिकअपचे शिखर नेमके याच भागात येते. वेटोळ्याच्या अंगी इंडक्टन्स असते, म्हणजे बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण. वेढ्यावेढ्यांमध्ये आणि केबलमध्ये धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याचा गुण असतो. ही दोन्ही एकत्र आली की एका ठरावीक कंप्रतेला अनुनाद होतो. तिथे आवाज उसळतो आणि त्याच्या वर तो कोसळतो.

आकड्यांत पाहू. स्ट्रॅटोकास्टरच्या एकेरी वेटोळ्याच्या पिकअपचे इंडक्टन्स साधारण २.४ हेन्री असते. वेटोळ्याची स्वतःची आणि पाचेक मीटर केबलची धारकता मिळून ६०० पिकोफॅरड धरली, तर शिखर ४.२ किलोहर्ट्झच्या जवळ येते. जुन्या धाटणीच्या हंबकरचे, म्हणजे दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपचे इंडक्टन्स साडेचार हेन्रीच्या घरात असते. त्याच केबलवर त्याचे शिखर ३.१ किलोहर्ट्झवर उतरते. स्ट्रॅट ‘काचेसारखी’ आणि हंबकर असलेली लेस पॉल गिटार ‘जाड’ का वाटते, याचे निम्मे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

इथे एक भेद नीट धरून ठेवावा लागतो, कारण निवडीतल्या बहुतेक चुका तो न धरल्याने होतात. शिखर खाली सरकवणे ही एक गोष्ट आणि शिखर बुटके करणे ही वेगळी गोष्ट. वेढे वाढवले, लांब केबल लावली किंवा कपॅसिटर जोडला, तर शिखर सरकते. कमी ओहमचा पॉट लावला, पितळी आवरण चढवले किंवा वेटोळ्याखाली धातूची पट्टी बसवली, तर मुख्यतः शिखर दबते. उंच शिखर नुसतेच खाली आणले, तर टोचणे जाऊन नाकात बोलल्यासारखा आवाज येतो आणि वादकाला वाटते पिकअपच वाईट निघाला.

लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेली स्ट्रॅटोकास्टर हे या दुखण्याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण आहे. ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, तार फार कमी हलते, तिथे मूळ स्वर दुबळा आणि वरचे उपस्वर त्या मानाने ठळक. त्यातून मूळच्या जोडणीत दोन टोन नॉब नेकजवळच्या (गिटारच्या मानेकडच्या) आणि मधल्या पिकअपला दिले होते. ब्रिजच्या पिकअपला एकही नाही. म्हणजे ज्याला लगामाची सर्वांत जास्त गरज, तोच मोकळा सोडलेला. त्याच कंपनीच्या टेलिकास्टरमध्ये ब्रिजचा पिकअप पोलादी पत्र्यात बसतो आणि त्याच्या बुडाशीही धातूची पट्टी असते. त्यामुळे त्याचा आवाज तिखट असूनही त्याला अंग असते. स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपखाली अशी पोलादी पट्टी चिकटवण्याची पद्धत त्यावरूनच आली. स्ट्रॅटच्या स्विचवर ब्रिजच्या पायापासून टोनच्या पायापर्यंत बोटभर वायर झाळली, तरी ब्रिजला टोन नॉब मिळतो. माझ्या मते स्ट्रॅटवरचा हा सर्वांत जास्त फळ देणारा बदल आहे, आणि त्याला नवा पिकअप लागत नाही.

पॉटचेही तसेच. एकेरी वेटोळ्याला २५० किलोओहम आणि हंबकरला ५०० किलोओहम ही रूढ जोडी आहे. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही पॉट वेटोळ्यावर समांतर भार टाकतात. ५००च्या दोहोंचा मिळून भार २५० किलोओहमचा, तर २५०च्या दोहोंचा १२५चा. ओहम घटले की भार वाढतो; भार वाढला की शिखर काही डेसिबलने बसते, पण खालचा आवाज होता तसाच राहतो. म्हणून हंबकर टोचत असेल तर आधी त्याचा व्हॉल्यूम पॉट २५०चा करून ऐकावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत पॉट शोधताना २५० आणि ५०० असे आकडे मिळाले नाहीत, तर २२० आणि ४७० बिनदिक्कत घ्यावेत. पॉटवर छापलेल्या आणि प्रत्यक्ष ओहममध्ये पुष्कळदा याहून जास्त फरक असतो.

त्याच दुकानात ४७० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर काही रुपयांत मिळतो. तो व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या पायापासून जमिनीला, म्हणजे पॉटच्या पाठीला जोडला, की वर सांगितलेल्या स्ट्रॅटचे शिखर ४.२ वरून ३.१ किलोहर्ट्झवर येते. वेटोळे एकेरीच राहते आणि शिखर हंबकरच्या जागी जाते. नवा पिकअप घेण्याआधी प्रत्येकाने हा प्रयोग करून पाहावा. आवाज आवडला तर जास्त वेढ्यांचा पिकअप आपल्याला रुचेल हे कळते; नाही आवडला तर पुष्कळ पैसे वाचतात.

आता चुंबक. अल्निको हे नाव ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या आद्याक्षरांवरून पडले. मुख्य धातू मात्र लोखंडच. या घराण्याची सुरुवात जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ साली शोधलेल्या लोखंड-निकेल-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूपासून झाली. गिटारमध्ये २, ३, ४, ५ आणि ८ हे क्रमांक आढळतात. ५ क्रमांक सर्वांत रुळलेला: चुंबकित झाल्यावर उरणारे क्षेत्र १.२ टेस्लाच्या वर, आघात चटकन, खर्ज घट्ट, ट्रेबल लख्ख. २ क्रमांकात हाच आकडा पाऊण टेस्लाच्या आसपास. तारेवर ओढ कमी, आघाताची धार बोथट, खर्ज सैलसर. ३ क्रमांकात नावाप्रमाणे कोबाल्ट असायला हवा, पण नसतो. तो सगळ्यांत सौम्य वाजणाऱ्यांपैकी आहे. ४ हा मधला, ८ हा दणकट आणि मध्यसप्तकाकडे झुकणारा.

सौम्य अल्निको मऊ वाजतो याची कारणे गूढ नाहीत. फेंडर पद्धतीच्या पिकअपमध्ये चुंबकाच्या कांड्या वेटोळ्याच्या गाभ्यातच असतात. २ आणि ३ क्रमांकांची पार्यता, म्हणजे चुंबकीय क्षेत्राला वाट देण्याचा गुण, ५ पेक्षा जास्त असल्याने तेवढ्याच वेढ्यांत इंडक्टन्स थोडे वाढते आणि शिखर थोडे खाली येते. शिवाय क्षेत्र दुबळे असल्याने आवाजच कमी येतो, ॲम्प कमी ढकलला जातो आणि विकृतीतून जन्मणारे कर्कश उपस्वर घटतात. दोन चुंबकांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी केली, तर ऐकू येणारा फरक पुष्कळ आटतो. ही खबरदारी घेतल्याशिवाय कोणाच्याही ‘जमीन-अस्मानाचा फरक’ या वर्णनावर विसंबू नये.

सिरॅमिक चुंबक बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम फेराइटचा असतो. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून अल्निकोसारख्या धातूत भोवरी प्रवाहांनी (धातूच्या अंगातच गोल फिरणाऱ्या विजेने) जी थोडी ऊर्जा जिरते ती इथे जिरत नाही. त्याची पार्यताही जवळपास हवेएवढीच. परिणामी शिखर किंचित उंच आणि किंचित वर. एवढ्यावरून ‘सिरॅमिक म्हणजे कर्कश’ हा शिक्का बसला, आणि स्वस्त गिटारींत बिनआवरणाचे कमी वेढ्यांचे सिरॅमिक पिकअप येत राहिल्याने तो पक्का झाला. पण दिमार्झिओ कंपनीचा १९७०च्या दशकात आलेला सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिकच आहे, आणि त्याचा आवाज जाड, मध्यसप्तकाने भरलेला. वेढे इतके, की शिखर केव्हाच खाली गेलेले. उलट बाजूला सेमूर डंकन कंपनीचा अल्निको टू प्रो. स्लॅश या वादकामुळे तो प्रसिद्ध झाला. त्यात वेढे माफक आणि चुंबक सौम्य. दोन्ही वाटांनी ट्रेबल आवरला जातो, पण पहिल्यात आवाज दाट होतो आणि दुसऱ्यात मोकळा राहतो. निवड खरी या दोहोंत करायची असते.

पिकअप विकताना सांगितला जाणारा किलोओहमचा आकडा एकटा फसवा आहे. तार ४२ ऐवजी ४३ क्रमांकाची, म्हणजे आणखी बारीक घेतली, तर तेवढ्याच वेढ्यांत ओहम वाढतात. इंडक्टन्स मात्र जवळपास तेच राहते. विक्रेत्याकडून हेन्रीतला आकडा मिळत असेल तर तो मागावा. आवरण पितळेचे आहे की निकेल-सिल्व्हरचे, हेही विचारावे. पितळ वीज चांगली वाहते, म्हणून त्यात भोवरी प्रवाह जास्त आणि ट्रेबल जास्त दबतो.

उंचीबद्दल थोडक्यात: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तिच्या आणि पिकअपच्या मधले अंतर मोजावे आणि टोचत असेल तर बारीक तारांची बाजू स्क्रूने अर्धा-अर्धा फेरा खाली न्यावी. दोन-अडीच मिलिमीटर ही सुरुवातीला चांगली जागा आहे. ५ क्रमांकाच्या कांड्या नेकच्या बाजूला फार वर असल्या, तर चुंबक तारेलाच ओढतो आणि जाड तारा वरच्या फ्रेटवर बेसूर घोंगावतात. ते दुखणे वेगळे, उपाय हाच.

हंबकरचा चुंबक घरी बदलता येतो. म्हणूनच चुंबकांची चर्चा हंबकरभोवती जास्त फिरते. सेथ लव्हर यांनी गिब्सन कंपनीसाठी रचलेल्या, १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केलेल्या या पिकअपमध्ये एकच चपटी चुंबकपट्टी दोन वेटोळ्यांच्या खाली, मधोमध आडवी असते. सुरुवातीच्या वर्षांत कारखान्यात २ ते ५ यांपैकी हाताला लागेल ती पट्टी बसत असे, त्यामुळे त्या काळचे दोन पिकअप सारखे वाजत नाहीत. पट्टी बदलायची तर गिटारच्या तारा काढून पिकअप बाहेर घ्यावा, बुडाचे चार पितळी स्क्रू सैल करावेत, पूर्ण काढू नयेत. मेण भरलेले असेल तर केस वाळवायच्या यंत्राने हलके ऊबवावे. जास्त तापवले तर प्लॅस्टिकचे बॉबिन, म्हणजे वेटोळ्याचे रीळ, वाकते. जुनी पट्टी लाकडी काडीने बाजूला सरकवावी. पोलादी स्क्रूड्रायव्हर घातला तर तो चुंबकाला चिकटून झटक्यात वेटोळ्यावर आपटतो, आणि केसाएवढी तार तुटायला तेवढे पुरते. पट्टी निघण्यापूर्वी तिच्या उघड्या टोकावर आणि कोणती कड स्क्रूंच्या रांगेकडे आहे तिथे मार्करने खूण करावी. नवी पट्टी जुन्या पट्टीजवळ धरून कोणती कड कोणत्या कडेला ढकलते ते पाहिले की तिची दिशा कळते: ज्या कडा एकमेकींना ढकलतात त्या एकाच ध्रुवाच्या, म्हणून एकाच बाजूला. सगळे बसवून झाल्यावर स्विच मधोमध ठेवून दोन्ही पिकअप एकत्र वाजवावेत. आवाज पोकळ, खर्ज गळाल्यासारखा आला, तर पट्टी उलटी बसली आहे. स्क्रू पुन्हा सैल करून ती फिरवावी.