मॅन पेज

युनिक्स आणि लिनक्स प्रणालींत बहुतेक कमांडची, म्हणजे संगणकाला टंकून द्यायच्या आज्ञांची, माहिती देणारे, संगणकातच साठवलेले पान. 'मॅन' हे 'मॅन्युअल'चे लघुरूप. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, 'मॅन' आणि त्यापुढे कमांडचे नाव लिहून एंटर दाबले की पान उघडते. इंटरनेट लागत नाही. शिवाय हे पान सहसा त्याच संगणकावर बसवलेल्या आवृत्तीचे असते. इंटरनेटवर सापडलेला ऑप्शन, म्हणजे कमांडला जोडायचा पर्याय, आपल्याकडे चालत नाही, तेव्हा खरे-खोटे करायला याच पानाकडे यावे लागते.

बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहिलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. नाव, वापराचा नमुना, वर्णन, संबंधित पाने ही मांडणी तेव्हापासूनची. त्यात 'बग्ज' असाही एक मथळा होता. आपल्या प्रोग्रॅममधली ठाऊक असलेली खोट लिहिणाऱ्यानेच नोंदवून ठेवायची, हा प्रामाणिकपणा या परंपरेचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि आजही अनेक पानांत तो मथळा दिसतो.

मॅन्युअलचे मुख्य आठ विभाग आहेत. १ मध्ये रोजच्या कमांड, २ मध्ये सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने प्रणालीच्या गाभ्याकडे करायच्या मागण्या), ३ मध्ये लायब्ररी फंक्शन (प्रोग्रॅममध्ये वापरायचे तयार तुकडे), ५ मध्ये फाइलींची रचना, ८ मध्ये व्यवस्थापकाच्या कमांड; ४, ६ आणि ७ अनुक्रमे डिव्हाइस फाइली, खेळ आणि संकीर्ण विषयांसाठी. नवशिक्यांची गफलत इथेच होते. 'मॅन पासडब्ल्यूडी' म्हटले की पासवर्ड बदलण्याच्या कमांडचे पान येते. त्याच नावाच्या फाइलीत प्रत्येक ओळीवर कोलनने तोडलेले सात रकाने कशाचे, हे हवे असेल तर मध्ये ५ घालून 'मॅन ५ पासडब्ल्यूडी' लिहावे लागते. पानाच्या डोक्यावर नावापुढे कंसात छापलेला आकडा म्हणजे हा विभाग.

वापराचा नमुना वाचता आला की अर्धे काम झाले. चौकोनी कंसातले ऐच्छिक. तीन टिंबे म्हणजे आधीची गोष्ट पुन्हा पुन्हा देता येते. ठळक अक्षरे जशीच्या तशी लिहायची, तिरपी किंवा अधोरेखित असतील तिथे आपले नाव घालायचे. पान बहुधा 'लेस' या प्रोग्रॅममध्ये उघडते. स्पेसबारने पुढे, 'बी'ने मागे. तिरकी रेघ देऊन शब्द लिहिला की शोध, 'एन'ने पुढचा उल्लेख, 'क्यू'ने बाहेर. 'बॅश' या शेलचे, म्हणजे टंकलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे, लांबलचक पान या शोधाशिवाय वाचणे कठीण.

कमांडचे नावच माहीत नसेल तर 'मॅन -के' किंवा 'अप्रोपॉस' वापरतात. 'रिनेम' हा शब्द दिला तर यादीत फाइल हलवण्याची किंवा तिचे नाव बदलण्याची कमांड 'एमव्ही' सापडते, कारण तिच्या एका ओळीच्या वर्णनात तो शब्द आहे. म्हणजे शोध त्या ओळींतच होतो. मनातली गोष्ट कोणत्या इंग्रजी शब्दाने लिहिली असेल, हे ताडून दोन-तीन शब्द वापरून पाहावेत. एकही नोंद न सापडल्यास या वर्णनांची सूची तयार झालेली नसण्याचा संभव असतो. लिनक्सच्या अनेक वितरणांत (तयार संचांत) व्यवस्थापकाने 'मॅनडीबी' चालवले की ती तयार होते.

फोल्डर बदलणाऱ्या 'सीडी'सारख्या काही कमांड शेलच्याच पोटात असतात. 'टाइप सीडी' लिहिल्यावर ते कळते, आणि बॅशमध्ये 'हेल्प सीडी'ने माहिती मिळते. बहुतेक प्रोग्रॅम '--हेल्प' दिल्यावर थोडक्यात वापर सांगतात. लिनक्समधल्या अनेक मूलभूत कमांड लिहिणाऱ्या ग्नू प्रकल्पाची सविस्तर पुस्तके 'इन्फो' कमांडने उघडतात. ती एकमेकांना जोडलेल्या प्रकरणांत विभागलेली असतात. फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस'च्या मॅन पेजच्या तळाशीही पूर्ण माहितीसाठी तिकडे जाण्याची सूचना असते. पॅकेजांबरोबर आलेली उदाहरणे आणि टिपणे 'यूएसआर'मधल्या 'शेअर'खालच्या 'डॉक' फोल्डरमध्ये सापडतात. कंटेनरच्या (एखादा प्रोग्रॅम वेगळा चालवण्याच्या बंदिस्त जागेच्या) लहान इमेजमधून, म्हणजे तयार साच्यातून, मात्र जागा वाचवण्यासाठी हे सारे बहुधा काढून टाकलेले असते. तिथे 'मॅन' चालले नाही, तर तीच आवृत्ती असलेल्या पूर्ण प्रणालीवर पान उघडावे.