उपाशीपोटी धावताना शरीर काय जाळते?

रात्री आठला जेवून सकाळी सहाला धावायला बाहेर पडणारा माणूस दहा तासांचा उपाशी असतो. त्याला वाटते की अंगातली सगळी साखर संपली असेल आणि आता जळेल ती चरबीच. पण ते अर्धेच खरे आहे. शरीर जास्तीची साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. ती यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास असते. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागत असल्याने यकृत झोपेतही आपला साठा रक्तात सोडत राहते आणि सकाळपर्यंत तो बराच उतरतो. स्नायूंतला साठा मात्र जवळपास जिथल्या तिथे असतो, कारण त्यातले ग्लुकोज रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) स्नायूंकडे नसतेच. पोट रिकामे असले तरी मांड्या-पोटऱ्यांची शिदोरी शाबूत असते.

उपवास बारा तासांच्या पुढे सरकला की इन्शुलिन खाली येते, चरबीच्या पेशी मेदाम्ले सोडू लागतात आणि यकृत त्यांपासून कीटोन तयार करते, जे मेंदूलाही चालतात. हा बदल खरा आहे. पण चरबी अधिक जळते म्हणजे दमही अधिक टिकतो, असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. एक लिटर प्राणवायू वापरून कर्बोदके जाळली तर सुमारे ५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, चरबी जाळली तर ४.७. आरामात चालताना हा फरक जाणवत नाही. धाप लागलेली असताना आणि प्राणवायूच अपुरा पडत असताना तो नेमका नडतो. ऑस्ट्रेलियात चालण्याच्या शर्यतीतल्या अव्वल दर्जाच्या खेळाडूंवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन आठवडे अत्यल्प कर्बोदकांचा आहार घेणाऱ्यांची चरबी जाळण्याची क्षमता खूप वाढली, पण त्याच वेगाला त्यांना प्राणवायू जास्त लागू लागला आणि १० किलोमीटरची वेळ काही सुधारली नाही. हा प्रयोग उपवासाचा नव्हे, आहाराचा होता. तरी स्नायूंपुढचा पेच तोच आहे.

म्हणून पाऊण तासाची सकाळची धाव उपाशीपोटी सहज निभावते. तासाभराहून लांब पल्ल्याला मात्र आधी खाल्लेले उपयोगी पडते, आणि शर्यतीच्या दिवशी उपवासाचा हट्ट धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज हा प्रयोग करूच नये.

वजनाचे काय? चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या चाचणीत (२०२२) दोन्ही गटांना सारख्याच मर्यादेत उष्मांक दिले होते; त्यांपैकी एक गट सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात जेवत असे. त्या गटाचे वजन सरासरी ८ किलोने, तर दुसऱ्याचे ६.३ किलोने घटले आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात, त्यात शरीरशास्त्रही आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याची भाजी आणि रात्री भगर खाल्ली की इन्शुलिन दिवसभर वर-खाली होत राहते, आणि यकृताला कीटोनकडे वळण्याची वेळच येत नाही.