एमएस, व्यायाम आणि विचारांचा वेग

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस या आजारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या मायलिन या आवरणालाच इजा करते आणि संदेश पोहोचायला उशीर होऊ लागतो. पाय अडखळला तर घरच्यांना दिसते, पण विचार अडखळलेला दिसत नाही. बोलणे समजलेले असते, मात्र उत्तर जुळवेपर्यंत विषय पुढे सरकतो. याला कुणी आळस म्हटले की रुग्णाच्या मनाला फार लागते, म्हणून हे पत्रक कुटुंबीयांनीही वाचावे, ही विनंती.

विचारांचा हा वेग मोजण्याची एक चाचणी आहे. कागदाच्या वरच्या भागात नऊ चिन्हे व त्यांचे १ ते ९ अंक दिलेले असतात. खाली ओळीने येणाऱ्या चिन्हांचे अंक ९० सेकंदांत जमतील तितके सांगायचे असतात.

व्यायामाने हा वेग वाढतो, असे आश्वासन आमचे केंद्र देत नाही. सहा देशांत झालेला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसच्या रुग्णांवर होता. त्यात १२ आठवडे बौद्धिक सराव आणि एरोबिक व्यायाम एकत्र करूनही हा वेग इतर गटांपेक्षा अधिक वाढला नाही. तरीही आम्ही व्यायामाचा आग्रह धरतो, कारण दम टिकतो, चालणे सुधारते, थकवा व उदासी कमी व्हायला मदत होते, आणि थकलेल्या, उदास मनाला लक्ष एकाग्र करणे आधीच जड जात असते.

पूर्वी एमएसच्या रुग्णांना व्यायाम टाळायलाच सांगत. श्रमानंतर काही रुग्णांची दृष्टी अंधूक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० साली नोंदवले होते. शरीर तापल्यावर इजा झालेल्या तंतूंमधून संदेश आणखी मंद जातात म्हणून असे होते; शरीर निवले की दृष्टी पूर्ववत होते, नवी इजा झालेली नसते. म्हणूनच आम्ही उन्हाळ्यात सकाळची वेळ देतो, सायकलसमोर पंखा लावतो, मानेवर गार पाण्यात पिळलेला नॅपकिन ठेवतो आणि मध्ये मध्ये घोटभर थंड पाणी प्यायला लावतो.

सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांनी आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या जोराने सायकल चालवावी किंवा चालावे. शिवाय दोनदा स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत. सुरुवात मात्र डॉक्टरांना विचारून, अगदी पाच-दहा मिनिटांपासून करावी. एखादे नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर व्यायाम थांबवून आपल्या न्यूरॉलॉजिस्टना कळवावे आणि आमच्या फिजिओथेरपिस्टनाही सांगावे.