बेबी-लेड वीनिंग

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरचे अन्न चमच्याने न भरवता, हातात धरता येतील अशा मऊ तुकड्यांच्या रूपात समोर ठेवून काय, किती आणि किती वेळात खायचे हे त्याच्यावर सोपवण्याची पद्धत. पालकांमध्ये ‘बीएलडब्ल्यू’ हे आद्याक्षरी नाव रूढ आहे. नावातल्या ‘वीनिंग’ने आपल्याकडे घोटाळा होतो. ब्रिटनमध्ये हा शब्द वरचे अन्न सुरू करण्यासाठी वापरतात; अंगावरचे दूध तोडण्याशी त्याचा संबंध नाही. सहा ते बारा महिन्यांत बाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा निम्मा किंवा अधिक भाग आईच्या दुधातूनच येतो.

हे नाव ब्रिटिश आरोग्यसेविका जिल रॅप्ली यांच्यामुळे प्रचारात आले आणि २००८ सालच्या त्यांच्या पुस्तकानंतर जगभर पसरले. त्यांचा मुद्दा साधा होता. बाळाला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अन्न देण्याची रीत होती, तेव्हा ते वाटून पातळ करण्यावाचून इलाज नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार सुरुवात सहा महिन्यांवर गेली. त्या वयाचे बाळ बसते, वस्तू मुठीत धरते, हिरड्यांनी चावते. मग वाटण कशाला? हाताने खाणे मराठी घराला नवे नाही, पण भरवणाऱ्याने हात मागे घेणे नवे आहे. ‘हा घास चिऊचा, हा काऊचा’ म्हणत बाळाचे लक्ष दुसरीकडे वळवून घास तोंडात सारणे हे या पद्धतीच्या नेमके उलट.

सुरुवात : वयाचे १८० दिवस पूर्ण होणे ही पहिली अट. त्याबरोबर तीन खुणा पाहाव्यात : थोड्या आधाराने बसल्यावर मान आणि पाठ सरळ राहते, हातातली वस्तू नेमकी तोंडापर्यंत जाते, तोंडात आलेले जीभ आपोआप बाहेर ढकलत नाही. दात येण्याची वाट पाहू नये, हिरड्या पुरेशा कडक असतात. अपुऱ्या दिवसांच्या किंवा स्नायू सैल असलेल्या बाळाबाबत आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. पाचव्या महिन्यात उष्टावण ठरले असेल तर मामाने खीर ओठाला लावण्यापुरता विधी करावा, खरे खाणे नंतर. त्या खिरीत किंवा बोटावर मध नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते वर्षाखालील बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात, आणि मध घरगुती तापवल्याने ते मरत नाहीत.

बाळाला ताठ बसवावे. उंच खुर्ची असेल तर पावलांना टेकू हवा. नसेल तर मोठ्या माणसाने मांडी घालून, बाळाची पाठ आपल्या पोटाला टेकवून, ताट पुढे घ्यावे. झोपाळ्यात, बाउन्सरमध्ये रेलून किंवा चालत्या गाडीत खायला देऊ नये. दूध पिऊन तासभर झालेले, झोप न आलेली अशी वेळ निवडावी. भुकेने कळवळलेल्या बाळाला तुकड्यांशी झटापट करण्याचा धीर नसतो.

आकार आणि मऊपणा : सहा महिन्यांचे बाळ पूर्ण पंजाने धरते आणि मुठीत गेलेला भाग त्याला खाता येत नाही. म्हणून तुकडा मोठ्या माणसाच्या बोटाएवढा जाड आणि ५–६ सेंमी लांब ठेवतात : निम्मा मुठीत, निम्मा बाहेर. लहान तुकडा सुरक्षित असे वाटते, पण या वयात तो नुसता मुठीत हरवतो. मऊपणाची कसोटी अंगठा आणि तर्जनी : चिमटीत सहज चिरडला पाहिजे, पण उचलताना मोडता कामा नये. तांबड्या भोपळ्याच्या फोडी वाफेवर ८–१० मिनिटांत, गाजराच्या १२–१५ मिनिटांत त्या टप्प्याला येतात. कुकरच्या शिट्टीवर अंदाज चुकतो. भोपळ्याचा बघता बघता लगदा होतो. रताळे सालीसकट उकडून मग सोलावे, म्हणजे पाणचट होत नाही.

पिकलेले केळे हातातून निसटते. सोललेल्या केळ्याच्या टोकात बोट हलकेच दाबले की ते आपोआप उभ्या तीन फाकांत सुटते. त्या फाका भाजलेल्या नाचणीच्या पिठात घोळवल्या की पकड येते. गुरगुट्या भातात घट्ट वरण आणि तूप कालवून लांबट मुटके वळता येतात. मुगाचे धिरडे सगळ्यांत सोयीचे : अर्धी वाटी मूगडाळ चार तास भिजवून वाटावी, चमचाभर तांदळाची पिठी आणि चिमूटभर जिरेपूड घालून तुपावर जाडसर, मऊ धिरडे काढावे आणि दोन बोटे रुंद पट्ट्या कापाव्यात. कुरकुरीत कडा काढून टाकाव्यात. कोरड्या पोळीचा लाळेने चिकट गोळा होऊन टाळूला बसतो, म्हणून ती वरणात भिजवूनच द्यावी. मासा रावस किंवा सुरमईसारखा, शिजल्यावर बोटांनी चाचपून काटा नाही याची खात्री केलेला, मांदेली-बोंबील नकोत. भाजीतला बाळाचा वाटा मीठ-तिखट घालण्याआधी बाजूला काढावा. वर्षभर मीठ आणि दोन वर्षांपर्यंत साखर घालू नये. गूळही यात साखरच.

उमासा आणि गुदमरणे : पालक घाबरतात ते बहुधा उमाशाला. सहा महिन्यांच्या बाळात उमाशाचा बिंदू जिभेवर मोठ्यांपेक्षा बराच पुढे असतो. घास थोडा मागे सरकला की बाळ जीभ बाहेर काढते, ओ-ओ आवाज करते, चेहरा लाल होतो, कधी थोडे ओकते आणि पुन्हा खायला लागते. अशा वेळी तोंडात बोट घातले तर बाहेर येत असलेला घास आत ढकलला जातो. गुदमरणे बहुतेकदा शांत असते : आवाज नाही, खोकला नाही, ओठ निळसर. तेव्हा बाळाला हाताच्या आधारावर पालथे, डोके खाली असे धरून खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा. घास सुटला नाही तर उताणे करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. हेच आलटून पालटून, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन. बाळ निपचित पडले तर लगेच सीपीआर (छातीवर दाब आणि तोंडाने श्वास) सुरू करावा. हे वाचून येत नाही, बाहुलीवर एकदा करून पाहावे लागते.

न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या ‘ब्लिस’ चाचणीत २०६ कुटुंबे होती. पालकांना धोक्याचे पदार्थ टाळण्याचे शिक्षण दिलेल्या हाताने-खाणाऱ्या गटात गुदमरण्याचे प्रमाण चमच्याने भरवलेल्या गटाइतकेच आढळले. उमासे सहा महिन्यांच्या वयात जास्त, आठ महिन्यांच्या वयात उलट कमी. डोळे उघडणारी गोष्ट वेगळीच होती : दोन्ही गटांतल्या अनेक बाळांना धोक्याचे पदार्थ दिले जात होते. म्हणजे प्रश्न चमचा की हात हा नसून ताटात काय आहे हा आहे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, लाह्या, अख्खी द्राक्षे, कच्चे गाजर आणि सफरचंद, खोबऱ्याचे तुकडे, गोळ्या हे वर्ज्य. द्राक्ष उभे चार भागांत चिरावे. बोरन्हाणात डोक्यावरून ओततात त्यातले बोरे, हरभरे, हलवा यांपैकी बरेच काही याच यादीतले असते. कार्यक्रम झाल्यावर बाळाच्या आसपासची चटई झटकून मगच त्याला खाली सोडावे.

लोह आणि ऊर्जा : या पद्धतीची खरी कमजोर बाजू गुदमरणे नव्हे, ही आहे. भाज्या-फळांच्या पट्ट्या दिसायला छान, पण त्यांत ऊर्जा थोडी आणि लोह जवळजवळ नाही. जन्माच्या वेळी साठलेले लोह मात्र सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत आलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आहेत. म्हणून ‘ब्लिस’मधला नियम इथे जसाच्या तसा घ्यावा : प्रत्येक जेवणात एक लोहाचा पदार्थ, एक भरपूर ऊर्जेचा आणि एक सहज खाता येणारा. मांसाहारी घरात मऊ शिजवलेली कलेजी, खिमा, अंड्याचे नीट शिजलेले आम्लेट. कलेजीत ‘अ’ जीवनसत्त्व फार असल्याने ती आठवड्यातून एखादेवेळी, थोडीच. शाकाहारी घरात डाळी-कडधान्यांचे धिरडे किंवा मुटके, वर लिंबाचे चार थेंब. ‘क’ जीवनसत्त्वाने वनस्पतीतले लोह अधिक शोषले जाते. नाचणी कॅल्शियमसाठी उत्तम, लोहासाठी एकट्या तिच्यावर विसंबू नये. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातील सिरप (आठवड्यातून दोनदा १ मिलि., त्यात २० मिग्रॅ. लोह) हाताने खाणाऱ्या बाळालाही द्यायचे असते. वजन दरमहा वाढीच्या आलेखावर मांडावे; रेषा आडवी होऊ लागली तर तत्त्व बाजूला ठेवून चमचा हाती घ्यावा.

ॲलर्जी होऊ शकणारे पदार्थ लांबवून फायदा होत नाही. लंडनमधील २०१५ सालच्या ‘लीप’ चाचणीत, जास्त धोका असलेल्या बाळांना लवकर आणि नियमित शेंगदाणा दिल्याने त्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी घटली. भाजून अगदी बारीक वाटलेला कूट अर्धा चमचा दह्यात किंवा पेजेत पातळ कालवून सकाळी द्यावा, म्हणजे दिवसभर लक्ष राहते. अंडे, शेंगदाणा, मासा यांपैकी एका वेळी एकच नवा. मध्ये दोन-तीन दिवस जावेत. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, लगोलग उलट्या, घरघर या खुणा दिसल्या तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरकडे. श्वासाला त्रास असेल तर थेट रुग्णालयात. तीव्र एक्झिमा (खाज सुटणारा त्वचारोग) असलेल्या बाळाला शेंगदाणा डॉक्टरांना विचारूनच द्यावा.

पुढचे टप्पे : पहिले दोन-तीन आठवडे अन्न चिवडले, फेकले, चोखले जाते, पोटात चमचाभर जाते. बीट खाल्ल्यावर शी लाल होते, ते रक्त नव्हे. सहा ते आठ महिन्यांत दिवसाला दोन-तीन जेवणे, नऊ महिन्यांनंतर तीन-चार. आठव्या-नवव्या महिन्यात अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमू लागते. तेव्हा शिजलेले मटाराचे दाणे चेपून, मऊ भाताची शिते, पनीरचा चुरा ताटात सुटा ठेवता येतो. दही, पेज, खिचडी यांसाठी चमचा भरून तो बाळाच्या हाती द्यावा. उलटा धरला तरी हरकत नाही. घरोघरी शेवटी चालते ते हे मिश्र रूपच : सकाळी धिरड्याच्या पट्ट्या, दुपारी आजीच्या हातचा मऊ भात, आणि खाली पसरलेले जुने धुवट लुगडे.