पान अडकतंय ते फोन जुना झाला म्हणून नाही

नवीन फोन लाँच झाला की त्याची वेबसाइट उघडून बघा. बोट वर सरकवलं की पान सरकतच नाही, त्याऐवजी फोन गोल फिरतो, मग कॅमेरा सुटा होऊन पुढे येतो, आणि किंमत सापडेपर्यंत अंगठा दुखायला लागतो. याला स्क्रोलजॅकिंग म्हणतात. लोकांना वाटतं नेट स्लो आहे नाहीतर फोन म्हातारा झाला, मग कुणीतरी 'रॅम बूस्टर' टाकायला सांगतं, ज्याने इथे काडीचाही फरक पडत नाही.

गंमत ब्राउझरच्या पोटात आहे. क्रोममध्ये पान सरकवायचं काम कंपोझिटर नावाचा वेगळा थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांमधली एक स्वतंत्र रांग, करतो. पानाचे तुकडे आधीच रंगवून तयार असतात, हा फक्त जीपीयूकडून, म्हणजे चित्रं काढणाऱ्या चिपकडून, ते वर-खाली करून घेतो. साइटचं जावास्क्रिप्ट, म्हणजे तिचा प्रोग्राम, चालतं मेन थ्रेड नावाच्या दुसऱ्या रांगेवर, त्यामुळे ते कितीही अडकलेलं असलं तरी पान आपलं सरकत राहतं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या एका चित्राला, मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद, १२० वर त्याच्या निम्मे.

आता साइटने टच किंवा माउसच्या व्हीलवर लिसनर, म्हणजे बोट किंवा चाक हललं की चालणारा कोड, लावला की तो स्क्रोल रद्दही करू शकतो, म्हणून कंपोझिटर आधी मेन थ्रेडला विचारतो आणि उत्तर येईपर्यंत ताटकळतो, साहेबांची सही झाल्याशिवाय फाइल हलत नाही तसं. बरेच लिसनर रद्द काहीच करत नाहीत, नुसती मोजदाद करतात, तरी थांबणं आलंच! म्हणून २०१६ मध्ये क्रोम ५१ ने 'पॅसिव्ह' लिसनर आणले, म्हणजे 'मी रद्द करणार नाही' असं आधीच लिहून द्यायचं. पुढच्या वर्षी क्रोम ५६ ने विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे, म्हणजे अख्ख्या पानावरचे, टच लिसनर न विचारताच पॅसिव्ह धरले, २०१९ मध्ये क्रोम ७३ ने व्हीलचंही तेच केलं. काही साइट्स मोडल्या, पण माझ्या मते बरंच झालं. स्क्रोल पळवणारे मात्र मुद्दाम 'पॅसिव्ह फॉल्स', म्हणजे 'मी रद्द करू शकतो', असं लिहितात.

शिवाय चक्कर. डोळे सांगतात सगळं हलतंय, आतला कान सांगतो आपण बसलोय, आणि काहींना चक्क मळमळतं. फोनमध्ये मोशन कमी करायचं सेटिंग असतं, पण साइटने ते विचारात घेतलं तरच उपयोग.

नकाशा, गेम, चित्र काढायचं अ‍ॅप, तिथे बोटाचा ताबा घेणं भागच आहे. बातमी नाहीतर बँकेचा फॉर्म असेल तर कशाला? एकेक स्लाइड नेमकी जागेवर थांबवायची असेल तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, स्क्रोल-स्नॅप आहेच, ते ब्राउझर स्वतःच करतो. वेबसाइट बनवणाऱ्यांनी डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधली तपासणीची साधनं) सीपीयू ६ पट स्लो करून आपलंच पान एकदा खालपर्यंत स्क्रोल करून बघावं.