सॅकरिन, उंदीर आणि लघवीतला गाळ

मधुमेही मामांनी परवा सॅकरिनच्या (साखरेऐवजी वापरायच्या कृत्रिम गोडीच्या) गोळ्यांची डबी कचऱ्यात टाकली. 'सॅकरिनने उंदरांना कर्करोग झाला', असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता. आता चहात गूळ, कारण तो 'नैसर्गिक'! (मामा, गूळ म्हणजे बहुतांशी साखरच की हो.)

निरोप खोटा नाही, अर्धा आहे. १९७७ साली कॅनडातल्या प्रयोगात नर उंदरांना मूत्राशयाच्या गाठी झाल्या. अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला, तो बारगळला, पण पाकिटांवर धोक्याचा इशारा छापावा लागला.

आता मात्रा बघा. उंदरांच्या खाद्यात ५ टक्के सॅकरिन होतं. उंदीर दिवसाला २० ग्रॅम खातो, म्हणजे १ ग्रॅम सॅकरिन. वजनाच्या हिशेबात ६० किलोच्या माणसाला हे साधारण १५० ग्रॅम पडेल; गोडीत मोजलं तर रोज ४५ किलो साखर! पण हा वेडेपणा नव्हे. हजारात एखाद्याला होणारा अपाय पन्नास उंदरांत दिसायचा नाही, म्हणून मात्रा मुद्दाम वाढवतात.

खरी मजा पुढे आहे. सॅकरिन पचत नाही, डीएनएला चिकटत नाही, जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. मग गाठी कशाने? दिलं होतं ते सोडियम सॅकरिन. नर उंदराची लघवी मुळात दाट, तीत अल्फा-टू-यू-ग्लोब्युलिन हे प्रथिन भरपूर. त्यात एवढं सोडियम आलं आणि पीएच (आम्लतेचा आकडा; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साडेसहाच्या वर असला, की कॅल्शियम फॉस्फेटचा बारीक गाळ बसतो, बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर बसतो तसा. हे कण मूत्राशयाचं अस्तर खरवडतात, पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या भराभर तयार होतात. दोन वर्षं अशी अखंड डागडुजी चालली की एखादी पेशी चुकतेच.

पडताळा सोपा होता. अमोनियम क्लोराइड देऊन लघवी आम्ल केली, तर अस्तराची ही वाढ थांबली. उलट क जीवनसत्त्वाचा सोडियम क्षार तशाच ढीगभर मात्रेत दिला, तर मूत्राशयात हाच प्रकार दिसला! माणसाच्या लघवीत तेवढं प्रथिन नसतं, म्हणून हा गाळही बसत नाही. २००० साली अमेरिकेच्या कर्करोगकारकांच्या यादीतून सॅकरिन वगळलं गेलं, पाकिटावरचा इशाराही गेला.

मामांनी हे पीएचपर्यंत ऐकलं आणि गुळाचा खडा चहात सोडला.