एकसष्ट वजा चोवीस

"तुम्ही रिटायर झालात. वेळ आहे, ज्ञान आहे, मग चार मुलांना शिकवा की!" बडोद्यातल्या कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघात हे वाक्य ऐकू येतं. रिफायनरी, खत कारखाना, रेल्वे, विद्यापीठ, बँका यांतून दर वर्षी ५८-६० वर्षांची धडधाकट माणसं बाहेर पडतात, त्यामुळे सल्ला वावगा नाही. त्यातलं एक गृहीतक मात्र चुकीचं आहे. ज्याला येतं त्याला शिकवताही येतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एखादी गोष्ट जितकी मुरलेली, तितकी ती समजावून सांगणं अवघड.

बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी अमरेलीत १८९३ला प्रयोग करून १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. पण मूल शाळेत येणं वेगळं आणि मुलाला वजाबाकी येणं वेगळं. जवळपास शंभर वर्षांनी हे याच शहरात मोजलं गेलं. २००१ ते २००४ या काळात 'प्रथम' संस्था आणि अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांनी बडोदा आणि मुंबईच्या पालिका शाळांत 'बालसखी'चा प्रयोग केला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर एका बालसखीकडे बसत. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, शाळा पुरी केलेली तरुण मुलगी. तिला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिना ५०० ते ७५० रुपये मिळत. कुठल्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं, म्हणून निकालावर विश्वास ठेवता येतो. दुसऱ्या वर्षी गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. सोप्या भाषेत, १०० मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल साधारण ११ जणांना मागे टाकून पुढे गेलं. हा फायदा बालसखीकडे गेलेल्या मुलांचाच होता. नेहमीच्या वर्गातच बसलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला, पण त्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

म्हणजे फरक पदवीमुळे पडला नाही. मूल जिथे अडकलंय तिथे कोणीतरी जाऊन बसलं, त्यामुळे पडला. निवृत्त जनरल मॅनेजर इथे बालसखीपेक्षा कमी पडण्याचीच शक्यता जास्त, आणि त्याचं कारण मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे.

आपली कार्यस्मृती, म्हणजे एका वेळी मनात धरून काम करण्याची जागा, फार लहान असते. एका वेळी सुमारे चारच गोष्टी तिथे मावतात. नवशिक्याला ६१ वजा २४ करताना काय काय धरावं लागतं पाहा: एकातून चार जात नाहीत, म्हणून शेजारून एक दशक आणायचं, ते इथे दहा होतात, एकाचे अकरा झाले, सहाचे पाच झाले हे विसरायचं नाही, अकरातून चार गेले किती. जागा भरून सांडते. आपण हे हजारदा केलेलं असल्यामुळे सगळं मिळून एकच गाठोडं झालेलं असतं. गाठोडं उचललं की उत्तर हातात येतं, आतले सुटे जिन्नस दिसतच नाहीत. म्हणून आजोबा म्हणतात, "अरे, सोपं आहे!" ते खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच दिसत नसतं. १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी काही लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला. ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील असं वाजवणाऱ्यांना वाटत होतं. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसतं टकटक.

मग निवृत्तांकडे द्यायला आहे तरी काय? बिघाड शोधण्याची सवय. बल्ब लागत नाही म्हणून कोणी वायरमन अख्ख्या घराचं वायरिंग उपटत नाही. टेस्टर लावतो, फेज कुठपर्यंत येतोय ते बघतो. ताळेबंद जुळला नाही तर हिशेबनीस आधी फरकाला ९ ने भाग जातो का पाहतो. जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, असा त्याचा पहिला संशय. मुलाच्या चुकीकडेही असंच पाहता येतं, कारण मुलं चुका वाटेल तशा करत नाहीत. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी वजाबाकीच्या चुकांची छाननी करून दाखवलं की बऱ्याच चुकांमागे पक्का, पण बिघडलेला नियम असतो. मूल तो नियम अगदी इमानदारीने पाळत असतं.

आता ६१ वजा २४ मुलाच्या पाटीवर लिहा आणि उत्तराची वाट पाहा. बरोबर उत्तर ३७. मुलाने ४३ लिहिलं, तर ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय, वर-खाली न पाहता. चारातून एक गेला तीन, सहातून दोन गेले चार. ४७ लिहिलं तर दशक सुटं करून घेतलंय, अकरातून चार बरोबर काढलेत, पण सहाचे पाच करायला विसरलंय. पहिल्या मुलाला दशक-एककच उमगलेलं नाही. त्याला दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधायला आणि सोडायला लावा. दुसऱ्याला जुड्यांची गरज नाही, फक्त सहा खोडून वर पाच लिहायची सवय हवी. दोघांना सरसकट "पुन्हा नीट कर" म्हणणं म्हणजे फ्यूज उडाला तरी बल्ब बदलत बसणं.

आणि २७ आलं तर? तर बिघाड बहुधा आजोबांचाच. जुन्या पिढीतले अनेक जण वजाबाकी वेगळ्या रीतीने शिकले आहेत: "अकरातून चार गेले सात, हातचा एक. दोन आणि एक तीन, सहातून तीन गेले तीन." इथे वरच्याला दहा दिले म्हणून खालच्याला एक दिला. वरचा सहा सहाच राहतो. आजच्या पुस्तकात वरच्या सहाचे पाच होतात, खालचे दोन तसेच राहतात. दोन्ही रीती बरोबर आहेत. शाळेतली आणि घरातली रीत एकत्र झाली की मूल वर पाच करतं, खाली तीन करतं आणि २७ लिहितं. शिकवायला बसण्याआधी त्या इयत्तेचं चालू पुस्तक उघडून रीत पाहून घ्यावी, आपली रीत घरी ठेवावी.

इथे एक बारकावा आहे, आणि तो सुटला तर सगळं निदानच फसतं. ६१ वजा २४ ऐवजी ५२ वजा २७ दिलं असतं तर? बरोबर उत्तर २५. मोठ्यातून लहान काढणारं मूल: सातातून दोन पाच, पाचातून दोन तीन, ३५. दशक कमी करायला विसरणारं मूल: बारातून सात पाच, पाचातून दोन तीन, पुन्हा ३५. दोन वेगळे बिघाड, एकच उत्तर, आणि तपासणारा आंधळा. कारण साधं आहे. एककांतला फरक ५ असला की तो उलटा काढा किंवा दहा मिळवून काढा, पाचच येतात. म्हणून निदानाच्या गणितात एककांतला फरक ५ नको. ८३ वजा ४७ चालेल: बरोबर ३६, बाकीचे बिघाड अनुक्रमे ४४, ४६ आणि २६. पुढची पायरी शून्याची. ३०४ वजा १२७ चं उत्तर १७७. २२३ आलं तर तोच मोठ्यातून लहान. २७७ आलं तर शून्याचे नऊ केले, पण तीनाचे दोन करायचे राहिले. ८७ आलं तर शून्य ओलांडून थेट शतकाकडून एककाला उसने दिले, मग दशकासाठी तिथूनच पुन्हा घेतले. यातला शेवटचा प्रकार डोक्यात बसायला मोठ्यांनाही कागद-पेन्सिल लागते. घ्यावी, लाज कसली.

गणित तोंडी सांगू नका. "एकसष्ट" ऐकताना आधी एक ऐकू येतो, मग साठ, आणि मूल ऐकलं तसं १६ लिहितं. "चोवीस"चे ४२ होतात. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस चार' अशी वाचनपद्धत आली तेव्हा गदारोळ झाला, पण ही अडचण खरी आहे. बडोद्यात मराठी घरातली माणसं गुजराती माध्यमाच्या मुलांसमोर बसतात तेव्हा आणखी एक गाठ पडते. आपला ८९ 'एकोणनव्वद', म्हणजे नव्वदाला एक कमी. गुजरातीत तोच 'नेव्यासी', म्हणजे नऊ आणि ऐंशी. त्यात वयाबरोबर कानांची उंच स्वर टिपण्याची ताकद आधी जाते आणि स, श, फ ही व्यंजनं तिथेच असतात. पंख्याच्या घरघरीत 'सात' आणि 'साठ' एकच वाटतात. तेव्हा रस्त्यापासून लांबची खोली, पंखा हळू, मूल समोर, आणि उत्तर पाटीवर.

यातून वयस्कांना काय मिळतं, तेही तपासलेलं आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात 'एक्सपीरियन्स कोअर' या ज्येष्ठांना शाळांत कामाला लावणाऱ्या उपक्रमाच्या चाचणीत ६० च्या पुढचे ७०२ जण होते. चिठ्ठीने निवडलेले आठवड्याला १५ तास प्राथमिक शाळेत काम करत. त्यांपैकी १११ जणांच्या मेंदूचे एमआरआय दोन वर्षं घेतले. तुलनेच्या गटात मेंदूच्या काही भागांचं आकारमान घटलं, काम करणाऱ्या पुरुषांत किंचित वाढलं. स्त्रियांत वाढ त्याहून कमी होती. कारण काय असावं? मुलाचं ऐकायचं, तोंडावर आलेलं उत्तर गिळायचं, नियम ओळखायचा, तेवढ्यात दुसऱ्याकडे वळायचं: लक्ष वळवण्याचा आणि स्वतःला आवरण्याचा हा सराव शब्दकोड्यात मिळत नाही. यावरून स्मृतिभ्रंश टळतो असं कोणी सांगू लागलं तर मात्र मान डोलावू नये. तेवढा पुरावा नाही. आणि मुलं डोळे बांधून वाचू लागतात असा दावा करणाऱ्या 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'च्या वर्गांसाठी नातवापायी हजारो रुपये मोजणाऱ्या आजोबांनी एकदा डोळ्यांवरच्या पट्टीखाली, नाकाच्या बाजूला किती फट राहते ते पाहावं. वाचन तिथूनच चालतं. त्या पैशात पाट्या आणि खडूंचे खोके येतील.

सुरुवात करताना एका वयस्काकडे पाच-सहाच मुलं, आठवड्यातून तीन दिवस, दीड तास. मुलं इयत्तेप्रमाणे नाही, बिघाडाप्रमाणे बसवा: ४३ वाली एकीकडे, ४७ वाली दुसरीकडे. जागा उघडी हवी, शाळेचा व्हरांडा उत्तम. घरी बोलावू नये. दोन मोठी माणसं कायम हजर असावीत. वहीत मुलाचं नाव, तारीख, दिलेलं गणित आणि उत्तर जसंच्या तसं लिहा, नुसती बरोबर-चूक खूण नको. खुणेतून बिघाड कळत नाही. एका दिवसावर निकाल देऊ नका, कारण अडलेलं मूल वेळ मारून नेण्यासाठी नवाच नियम बनवतं आणि सोमवारचा ४३ गुरुवारी ४७ होतो. तीन-चार दिवसांच्या अंतराने दोनदा तपासून मग गट ठरवा.

दुरुस्ती झाली तरी वही बंद करायची नाही. बालसखी थांबल्यावर वर्षभरात गुणांतली ती ०.२८ची वाढ ०.१ पर्यंत ओसरली होती. म्हणून सुधारलेल्या मुलाला आठवड्याने, मग महिन्याने, मग दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा तशीच दोन गणितं द्यावीत, आकडे बदलून, आणि एककांतला फरक ५ येणार नाही असे.